चौदाव्या रिळाची पाठवणी

८ डिसेंबर १९६३, उरण

मोरा बंदरावर लाँचमधून डबे उतरवून घेतले. चित्रपट चौदा रिळांचा, पण चौदावं रीळ दोन प्रकारचं, म्हणून डबे पंधरा. हमालाने एक डबा पाण्याकडे कलता धरला तेव्हा मी आवाज चढवला नाही, फक्त त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तेवढं पुरलं.

कामाची नोंद करून ठेवते. चित्रपटाचं नाव ‘दर्याचा पाहुणा’. समुद्रतळाच्या राज्यातला एक तरुण राजपुत्र कोळ्यांच्या गावात येतो आणि तिथल्या एका मुलीच्या प्रेमात पडतो. पुढे काय व्हावं, यावर निर्माते धर्मराजशेठ आणि वितरक यांचं जमत नाही. एका शेवटात तो समुद्रात परत जातो. तो मी जोडला आहे. दुसऱ्यात तो गावातच राहतो. तो शेठांच्या भाच्याने, शिवाने जोडला आहे. इथल्या सिनेमाच्या तंबूत दोन्ही दाखवायचे, लोकांची मतं टिपायची, आणि ज्याचा शेवट पास होईल त्याचं नाव पडद्यावर ‘संकलन’ या शब्दाखाली येणार. ध्वनितंत्राचा डिप्लोमा आणि संकलनाच्या खोलीतली चार वर्षं एवढं होऊनही माझं नाव अजून पडद्यावर आलेलं नाही. या वेळी यावं असं मला वाटतं. शेठांना मात्र मी ‘कोणताही शेवट चालेल’ असं सांगितलं आहे.

उरणच का, तर शेठांचा एक सिद्धान्त आहे. मुंबईचा प्रेक्षक खोटं बोलतो, पुण्याचा आधी परीक्षण वाचतो, खाडीपलीकडचा तोंडावर बोलतो. सिद्धान्त तपासलेला नाही. याच शेठांनी नायकाला पंधरा दिवस हिरवा रंग फासायला लावला होता. चित्रपट काळा-पांढरा आहे.

मुक्काम तंबूचे मालक फजलभाई यांच्या घरी. त्यांच्या पत्नी शरीफाभाभी यांनी मी मासे खाते का एवढंच विचारलं. खाते म्हटल्यावर माझी चौकशी संपली.

९ डिसेंबर

तंबू पाहिला. गावकीच्या मैदानात उभा आहे. मशीन एकच, त्यामुळे प्रत्येक रीळ संपलं की दिवे लावून दुसरं चढवतात. मुंबईत याला गैरसोय म्हणतील. मला ती सोय वाटते, कारण लोक मत द्यायला चित्रपट संपायची वाट बघत नाहीत.

मशीन चालवणारा गोवर्धन जवळच्याच आगरी गावचा. मशीन जुनं आहे पण ठेवलंय स्वच्छ. मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्यांमधलं अंतर तो नुसत्या नजरेने राखतो आणि पडद्यावरचा उजेड थरथरत नाही. बोलतो कमी. बोटं लांब आहेत, नखं नीट कापलेली. फिल्म हाताळणाऱ्याची नखं महत्त्वाची असतात, म्हणून लिहिलं.

१० डिसेंबर

पहिला खेळ. माझा शेवट लावायला सांगितला. क्रम ठरवणं माझ्या हातात होतं.

नायक पाण्यातून वर आला तेव्हा कुणी दचकलं नाही. पहिल्या दिव्यात पहिलं मत आलं ते करंजा गावात होडी असलेल्या जानू नाखव्याचं: त्या गावात जाळं उलटं वाळत घातलंय, असल्या गावात पोरगी द्यायची तर विचार करायला पाहिजे. मिठागरात काम करणाऱ्या एका गृहस्थांचं म्हणणं, जन्मभर खाऱ्या पाण्यात राहून याच्या टाचांना भेग नाही, म्हणजे हा काम करीत नसणार. फजलभाईंना तो एकूण बरा वाटला, पण तळाचं राज्य म्हणजे नक्की कोणत्या तालुक्यात, हे दाखवायला हवं होतं असं ते म्हणाले. बायकांच्या बाजूला शरीफाभाभी होत्या. त्यांनी घरी आल्यावर सांगितलं की हा माणूस सात रिळं गावात हिंडतो आणि एकाही घरी जेवत नाही. असला पाहुणा त्यांच्या मते घरात ठेवू नये.

प्रेमाबद्दल कुणी काही बोललं नाही. सगळ्यांना त्याचं गाव, गोत आणि धंदा हवा आहे. ‘अनोळखी’ ही गोष्ट त्यांना प्रेमकथा वाटत नाही, अपुरी माहिती वाटते. मला हे पटण्यासारखं वाटलं.

अकराव्या रिळात मात्र अडचण आली. या रिळात दोघं गुहेत एकमेकांना हार घालतात. पुरोहित नाही, नुसती बासरी. (शेठ म्हणाले होते, गांधर्वविवाह म्हटलं की भटजीचा नट लागत नाही.) हार गळ्यात पडले आणि बायकांमधली एक म्हातारी उठून उभी राहिली. हिरवं लुगडं, आवाज पत्र्यासारखा. ती गायला लागली. तिच्यामागे आणखी बायका. बासरी ऐकू येईना. रीळ संपलं, दिवे लागले, तरी गाणं चालू. गोवर्धनने पुढचं रीळ हातात धरून ठेवलं. मी त्याला चढवायला सांगितलं. तो म्हणाला, “व्हऊ द्या बाई. मधी थांबवत नसतात.”

गाणं संपल्यावर म्हातारी बसली आणि चित्रपट पुढे चालू झाला. चौदाव्या रिळात नायक समुद्रात निघून गेला. तंबूत शांतता पसरली. मला ती माझ्या शेवटाची दाद वाटली. मग दिवे लागले तरी कुणी उठेना.

११ डिसेंबर

सकाळी गोवर्धनने उलगडा केला. म्हातारी म्हणजे येसूबाई, इथल्या धवलारीण. इकडच्या गावांत लग्न या बायका लावतात. त्या धवले गातात आणि लग्न लागतं. भटजी आला तर आला.

मी विचारलं, मग काल त्यांनी काय केलं.

“लगीन लावलं,” तो म्हणाला.

कुणाचं, हे मी पुन्हा विचारलं. त्याने पडद्याकडे मान केली.

येसूबाईंना जाऊन भेटले. त्या अंगणात सुकट निवडत होत्या. त्यांनी मला बसायला पाट दिला, माझं गाव विचारलं. पेण म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. पेण म्हणजे परकं नाही, म्हणाल्या. कालच्या प्रकाराबद्दल त्यांना संकोच नव्हता. आईबाप नसलेली पोर परक्या पुरुषाबरोबर गुहेत शिरते, गळ्यात नुसते हार, आणि तंबूभर माणसं बघत बसली आहेत. कुणीतरी काही करायला नको का? म्हणून त्यांनी केलं. पण मग तो गेला कुठे?

मी म्हटलं, कथेचा शेवट तसा आहे.

“लगीन लावून गेला म्हंजे टाकून गेला,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातची एक पोर अजून टाकलेली नाय.”

फजलभाईंचा चेहरा उतरला आहे. मैदान गावकीचं. गावकीने उठवलं तर या मोसमात तंबूला दुसरी जागा नाही. मी त्यांना सांगितलं की आज दुसरा शेवट आहे, त्यात तो जात नाही. त्यांनी हात वर करून अल्लाचं नाव घेतलं. हे सांगताना मला आनंद झाला नाही, पण चाचणी ही चाचणी.

१२ डिसेंबर

शिवाचा शेवट माझ्यापेक्षा वाईट पडला. हे मी समाधानाने लिहीत नाही, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही.

शेवटात मुलीचा म्हातारा मामा नायकाच्या हातात जाळं देतो, नायक हसतो, घराचं दार लागतं. तंबूत आधी एक माणूस हसला, मग सगळे. जानू नाखवा उभा राहून म्हणाला, “घरजावय केला रं त्याला. आता चूल फुंकंल.” कुणीतरी लगेच जानूच्या मेव्हण्याचं नाव घेतलं, जो बारा वर्षं जानूच्याच घरी आहे, आणि पुढची दहा मिनिटं सगळी मतं त्या मेव्हण्यावर आली. मेव्हणा तिथेच होता. तोही हसत होता, पण दिवे मंदावताच उठून गेला.

बायका हसल्या नाहीत. एका राजाच्या मुलाला बायकोच्या मामाच्या घरी ठेवलं, तर त्याची लाज मुलीने जन्मभर वाहायची, असं शरीफाभाभींनी मला समजावलं. म्हणजे गेला तरी वाईट, राहिला तरी वाईट. मी विचारलं, मग तिसरं काय उरतं? माझ्याकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं की मला भात शिजवता येत नसल्यासारखं वाटलं. “तिला घेऊन जायचं,” त्या म्हणाल्या.

१३ डिसेंबर

देवळापुढे गावकी बसली. फजलभाईंना बोलावलं, आणि मलाही. मला बोलावण्याचं कारण, चित्रपट मी आणला म्हणजे मी मुलाकडची. मी म्हटलं, मी कुणाकडचीच नाही. यावर पाटलांनी मान हलवली; मुलाकडचे नेहमी असंच बोलतात.

निकाल साधा होता. मुलीची पाठवणी झाली पाहिजे. ती सासरी जाईल तोवर हा खेळ लावायचा नाही. आणि हा खेळ नाही तर तंबूही नाही.

मी उभी राहून शांतपणे समजावलं: पडद्यावर माणसं नसतात. सेकंदाला चोवीस चित्रं पुढे सरकतात, त्यांतून उजेड जातो, आणि कापडावर सावल्या पडतात. नायक या क्षणी दादरला आहे, त्याला दोन मुलं आहेत.

सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. मग येसूबाई म्हणाल्या, “सावल्या हायत ते मला ठाव हाय, बाय. लगीन खरं हाय.”

तांत्रिकदृष्ट्या त्यांच्या वाक्यात चूक काढता येत नाही.

१४ डिसेंबर

शेठांना लिहिण्यासारखं इतकंच आहे की दोन्ही शेवट नापास. मग नाव कुणाचंच नाही.

मात्र काल रात्री झोप येईना म्हणून रिळांतली दृश्यं मनात मांडत होते. पहिल्या रिळात नायक पाण्यातून किनाऱ्याकडे चालत येतो. हा तुकडा उलटा छापला तर तो समुद्रात जाईल. दुसऱ्या रिळात नायिका डोक्यावर टोपली घेऊन कमरेभर पाण्यात शिरते, पाठ आपल्याकडे. दोन्ही तुकडे आलटूनपालटून लावले तर ती त्याच्याकडे जाते आहे आणि तो तिला नेतो आहे असं दिसेल.

दोष दोन आहेत. नायक मागे मागे चालत जाईल, तोंड गावाकडे. आणि लाटा उलट्या फिरतील: फुटलेला फेस गोळा होऊन समुद्रात परत जाईल. खेरीज या तुकड्याला आवाज नाही. हे काम मला एखाद्या विद्यार्थ्याने दाखवलं असतं तर मी नापास केलं असतं.

गोवर्धनला सांगितलं. तो म्हणाला की पहिल्या लाँचने मुंबईला जा, डबे मी सांभाळतो. मी जाते आहे ती नावासाठी. तंबूसाठी नाही. हे स्पष्ट असावं.

२० डिसेंबर

लॅबमध्ये उलटा तुकडा छापून घेतला, परत आले, फजलभाईंच्या मागच्या खोलीत जोडकाम केलं. गोवर्धन कंदील धरून होता. फिल्मजवळ ज्योत नको म्हणून मी त्याला दाराबाहेर उभं केलं. तो सगळा वेळ दाराबाहेर उभा राहिला, उजेड मात्र बरोबर हातावर येत होता.

२१ डिसेंबर

धर्मराजशेठ स्वतः आले. मुंबईहून लाँचने, पांढऱ्या बुटांत. मोऱ्याच्या चिखलाने त्या बुटांबद्दलचं आपलं मत ताबडतोब दिलं.

तंबू भरून बाहेर माणसं उभी. चौदावं रीळ लागलं. बासरी थांबली आणि माझा मुका तुकडा सुरू झाला. मला वाटलं, आता शिट्ट्या. पण येसूबाई उठल्या आणि पाठवणीचं गाऊ लागल्या. आवाजाची जी जागा मी रिकामी ठेवली होती ती बायकांनी पहिल्यापासून शेवटापर्यंत भरून काढली. पडद्यावर मुलगी टोपली घेऊन पाण्यात चालली होती. माहेरची शिदोरी घेऊन निघाली, असं शेजारची बाई म्हणाली. टोपलीत शूटिंगच्या वेळी विटा होत्या, वजनासाठी.

नायक पाठमोरा न होता मागे मागे चालत गेला. याचीच मला धास्ती होती. पाटील आपल्या मुलाला म्हणाले, “बघ. सासरवाडीला पाठ दावत नाय. मोठ्या घरचा हाय.”

उरल्या लाटा. दिवे लागताच मी जानू नाखव्याकडे गेले. त्याने पाहिलं नसेल हे शक्यच नव्हतं. तो खांद्यावरच्या फडक्याने डोळे पुसत होता. मी सरळ विचारलं, पाणी कसं वाटलं.

“उलटं गेलं,” तो म्हणाला. “जानारच. त्यांच्याकडचा दर्या हाय. नवऱ्याकडची रीत उलटीच असते.”

शेठही रडले. मग बाहेर येऊन म्हणाले की हा शेवट त्यांनी फार पूर्वी स्वप्नात पाहिला होता. संकलनाखाली माझं नाव पक्कं झालं: दमयंती गुप्ते. टायटलची पट्टी लगेच करून पाठवतो म्हणाले. जाताना त्यांनी योजना सांगितली. मुंबईत निघून जाणारा नायक दाखवायचा, पुण्यात गावातच राहणारा, इकडे तिला घेऊन जाणारा. तिन्ही शेवटांवर माझंच नाव. “तुला कोणताही चालतो ना,” असं तेच म्हणाले.

मी होकार दिला. मी समाधानी आहे.

फजलभाईंनी साखर वाटली. येसूबाईंना गावकीने लुगडं दिलं, मुलाकडून म्हणून. ते माझ्या हातून द्यायला लावलं.

१२ जानेवारी १९६४, मुंबई

चित्रपट लागला. माझं नाव पाहिलं. अक्षरं किंचित डावीकडे सरकली आहेत, बाकी ठीक.

एका दैनिकाने नायकाचं निघून जाणं ‘आधुनिक माणसाच्या एकाकीपणाचं संयमी चित्रण’ म्हटलं. दुसऱ्याला हिरव्या रंगाचं प्रतीक आवडलं. काळ्या-पांढऱ्या चित्रपटात त्यांना तो कसा दिसला, हे लिहिलेलं नाही. पुण्याच्या एका साप्ताहिकाला नायकाचं गावात राहणं ‘ग्रामीण पुनर्रचनेचा संदेश’ वाटलं. कुणीही त्याचं गोत विचारलं नाही.

१७ जानेवारी

गोवर्धन संकलनाच्या खोलीत आला. त्याला इथे पाहून मला आश्चर्य वाटलं, कारण त्याने नवा सदरा घातला होता. बसला नाही.

येसूबाईंची भाची पनवेलला दिली आहे. तिच्याकडच्या बारशाला गाव गेलं होतं, दोन ट्रक भरून. पनवेलला आमचाच चित्रपट लागलेला, म्हणून सगळे हौसेने आपला जावई बघायला गेले. पनवेलला मुंबईचा शेवट आला होता. जावई एकटाच निघून गेला.

मी म्हटलं, ते वेगळं प्रिंट आहे.

“मी सांगितलं त्यांना,” तो म्हणाला. “पन सुरुवातीला तुमचं नाव आलं तवा मीच मोठ्यानं वाचून दावलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.” मग म्हणाला, “येसूआत्या इचारते, दमयंतीबायनी लगीन मोडलं का.”

तो गेल्यावर मी काम सुरू केलं. एक जोड तिरका बसला. सहसा बसत नाही.

१८ जानेवारी

शेठांना भेटले. माझं नाव एकाच शेवटावर राहील, असं सांगितलं. बाकी प्रिंटांवरून काढा.

त्यांना आधी वाटलं मी मोबदला वाढवून मागते आहे. मग वाटलं मी आजारी आहे. त्यांनी कारण विचारलं. एकच माणूस एका मुलीला टाकून गेला, तिच्या घरी राहिलाही आणि तिला नांदवायलाही घेऊन गेला, असं सही करून सांगता येत नाही, असं मी म्हटलं. शेठ म्हणाले, अगं, त्या सावल्या. मी म्हटलं, सावल्या आहेत हे मला माहीत आहे.

पुढचं वाक्य मी बोलले नाही. ते माझं नव्हतं.

मग त्यांनी शांतपणे सांगितलं की तिसऱ्या शेवटाचं प्रिंट एकच आहे, उरणच्या तंबूतलं. आणखी काढलेली नाहीत आणि काढणार नाहीत. निघून जाणाऱ्या शेवटाची प्रिंटं मुंबईत चांगली चालली आहेत. म्हणजे माझं नाव तेवढ्या एका तंबूत राहील, आणि बाकी महाराष्ट्रात शिवाचं. विचार कर.

मी विचार केला. टेबलावर शेठांचा पेपरवेट होता, काचेचा, आत बुडबुडा. मग म्हटलं, चालेल.

९ फेब्रुवारी

शिवाचा सत्कार झाला. जाणाऱ्या नायकाच्या संयमी संकलनाबद्दल. तो शेवट मी जोडलेला. शिवा भाषणात म्हणाला, कुठे थांबायचं हे कळणं म्हणजे संकलन. त्यानंतर तो पंचवीस मिनिटं बोलला.

माझं नाव असलेलं जगातलं एकमेव काम म्हणजे उरणचं ते प्रिंट. त्यात लाटा उलट्या फिरतात. मी आजवर केलेल्या कामांत तांत्रिकदृष्ट्या सदोष असं तेवढंच आहे.

१ मार्च

आज रविवार. उरणला जाऊन आले. एकच प्रिंट असल्यामुळे ते वेळोवेळी तपासणं आवश्यक आहे. गेले चार रविवार तपासते आहे. गोवर्धनने फिल्म उत्तम ठेवली आहे, ओरखडा नाही. तसं पाहिलं तर दर आठवड्याला तपासण्यासारखं काही नाही, पण तसं मी त्याला सांगितलं नाही. माणूस निष्काळजी होतो.

चित्रपट चालूच आहे. आता लोक गोष्ट बघत नाहीत, पाठवणीला येतात. लग्न ठरलेल्या मुलींना मुद्दाम आणतात.

परतीच्या लाँचआधी येसूबाईंनी बोलावून घेतलं. पनवेलच्या प्रिंटवरून मी माझं नाव काढून टाकलं हे त्यांना कळलं होतं, गोवर्धनने सांगितलं असावं. त्या त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. माझ्या वडिलांचं नाव, पेणमधला पत्ता, आणि ते कोणत्या वेळी घरी असतात एवढं विचारलं. गोवर्धन जवळच उभा होता, पण का कोण जाणे, मशीनच्या कामाचं निमित्त काढून निघून गेला. त्या वेळी मशीन बंद होतं.

मी पत्ता दिला. फजलभाईंना तंबू पेणला न्यायचा असेल आणि तिथे ओळख हवी असेल. वडील सकाळी दहापर्यंत घरी असतात, असं सांगितलं.